रोमची जमीन वर कशी आली?

रोममधील कलोसियमपासून काही मिनिटे चालत गेले की सान क्लेमेंते नावाचे चर्च लागते. बाराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वास्तूतील सोनेरी मोझेक पाहून अनेक प्रवासी माघारी वळतात. मात्र बाजूच्या जिन्याने खाली उतरणारा माणूस चौथ्या शतकातील चर्चमध्ये पोहोचतो आणि आणखी एक जिना उतरला की पहिल्या-दुसऱ्या शतकातील एका बोळात उभा राहतो. बोळाच्या एका बाजूला ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ दगडाचे मोठाले चिरे आहेत, तर दुसऱ्या बाजूला विटांचे घर. त्या घरात मिथ्र देवाचे छोटे मंदिर असून वेदीवर बैलाचा वध करणारा मिथ्र कोरलेला आहे. (हे नाव आपल्या वेदांतील मित्र देवाच्या नावाशी सगोत्र आहे.)

वरचे चर्च हेच मूळ प्राचीन चर्च, अशी 1857 पर्यंत समजूत होती. त्या वर्षी तेथील आयरिश धर्मगुरू जोसेफ मुलूली यांनी खोदकाम सुरू केले आणि पायाखालचे जुने चर्च सापडले. बाराव्या शतकातील गवंड्यांनी ते राडारोड्याने भरून त्याच भरावावर नवे चर्च उभारले होते. भराव निघाला तसे खालच्या थरांत पाणी साचू लागले, म्हणून 1912 ते 1914 या काळात सुमारे 700 मीटर लांबीचा भुयारी नाला खणून ते प्राचीन रोमन गटाराकडे वळवावे लागले. आजही तळाशी उभे राहिले की वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो.

जमीन आपोआप वर येत नाही; माणसे ती वर आणतात. जुन्या गावाच्या जागी साचलेल्या राखमातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. रोममध्ये तेच घडले, फक्त मातीच्या घरांऐवजी तेथे वीट, दगड आणि काँक्रीट होते. आग किंवा पडझड झाल्यावर ढिगारा बैलगाड्यांनी शहराबाहेर नेण्यापेक्षा तो जागेवरच सपाट करून त्यावर नवे जोते बांधणे स्वस्त पडे. इ. स. 64 च्या भीषण आगीनंतर धान्य घेऊन आलेली जहाजे परतताना राडारोडा भरून टायबर नदीच्या मुखाजवळील ओस्तिया बंदराच्या दलदलीत नेत, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. पण तो अपवाद होता. सखल भागांत टायबरच्या पुरांनी गाळाची भर घातली. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात पूर्वी पायऱ्या चढून जावे लागे. आज समोरचा चौकच त्याच्याकडे उतरत जातो.

एवढ्या उलथापालथीत काही वास्तू उभ्या कशा राहिल्या, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मध्ययुगीन रोममध्ये ठिकठिकाणी चुनाभट्ट्या पेटत होत्या आणि पुतळे, खांब, शिलालेख हा त्यांचा कच्चा माल होता. ज्या मंदिराचे चर्च झाले, त्याला हात लावणे अवघड होई. पँथिऑन 609 च्या सुमारास चर्च झाले. तरीही 663 मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टान्स त्याच्या छपराचा कांस्याचा पत्रा काढून घेऊन गेलाच.

वर आलेली जमीन आणि चर्च झाल्याने वाचलेले मंदिर, हे दोन्ही धागे फोरममधील (प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकातील) सम्राट अंतोनिनस आणि त्याची पत्नी फाउस्तिना यांच्या मंदिरात एकत्र येतात. 141 मध्ये बांधायला घेतलेल्या या मंदिराचे 17 मीटर उंचीचे दहा अखंड खांब शाबूत आहेत, कारण त्यांच्यामागे सान लोरेन्झो हे चर्च थाटले गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी चर्चचा दर्शनी भाग नव्याने बांधला, तेव्हा फोरम गाळामातीखाली गाडला गेला होता आणि त्यावर गुरे चरत असत. साहजिकच दरवाजा त्या वेळच्या जमिनीला धरून बसवला गेला. पुढे उत्खननात खांबांभोवतीची माती उपसून रोमन पातळी उघडी केली गेली, पण दरवाजा होता तेथेच राहिला. खांबांच्या मधून पाहिले तर तो आज अधांतरी दिसतो. चर्चमध्ये जायचे असेल तर मागच्या रस्त्याने, आजच्या जमिनीवरून जावे लागते.