हिप्पोथेरपी आणि थेरप्युटिक रायडिंग: प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कुठपर्यंत पुरतं?

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांना हल्ली कोणी ना कोणी 'हॉर्स थेरपी' सुचवतंच. चौकशीला गेलं की एकाच फलकावर हिप्पोथेरपी आणि थेरप्युटिक रायडिंग अशी दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसतात. कुंपणाबाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे चित्रही सारखंच असतं. शांत घोडा, हेल्मेट घातलेलं मूल, घोड्याच्या तोंडाशी दोर धरलेला एक जण आणि आधाराला दोन्ही बाजूंनी दोघं. पण तास कोण घेतंय, कशासाठी घेतंय आणि त्या माणसाचं शिक्षण काय, हे विचारलं की दोन्ही गोष्टी पार वेगळ्या निघतात.

थेरप्युटिक रायडिंगमध्ये मूल घोडेस्वारीच शिकतं, फक्त त्याच्या शरीराला आणि समजुतीला झेपेल अशा बेताने. शिकवणारा रायडिंग इन्स्ट्रक्टर असतो. घोडा थांबवणं, चालवणं, शंकूंमधून वळवणं, जमलं तर पुढे दुडक्या चालीपर्यंत जाणं, हा अभ्यासक्रम. ज्याच्या हातात पकड नाही त्याला मध्ये आडव्या पट्ट्या शिवलेला, शिडीसारखा लगाम देतात. कोणासाठी रंगीत पट्ट्यांचा लगाम असतो, म्हणजे 'लगाम आखूड कर' ऐवजी 'लाल रंगावर हात ने' असं सांगता येतं. या सगळ्यातून तोल सुधारतो, धीर वाढतो, पण तासाचं उद्दिष्ट स्वारी हेच राहतं.

हिप्पोथेरपीत मुलाने घोडा चालवायला शिकावं अशी अपेक्षाच नसते. घोडा दुसराच जाणता माणूस हाताळतो आणि फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट त्या घोड्याच्या चालीचा आपल्या उपचारात वापर करतो. घोडा कदम चालीने चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, थोडी फिरतेही. आपण स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा कंबर बरीचशी अशीच हलते. ज्या मुलाने कधी स्वतः पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या धडाला ही लय घोड्याच्या पाठीवर मिळते.

थेरपिस्टचं कसब या लयीशी खेळण्यात आहे. घोडा थांबवला की मुलाचं धड पुढे जातं आणि त्याला सावरावं लागतं. पुन्हा चालवला की मागे जातं, पुन्हा सावरायचं. वर्तुळ लहान केलं की भार एका अंगावर येतो. खोगिराऐवजी बहुतेक वेळा जाड गादी घालतात. कधी मुलाला शेपटीकडे तोंड करून बसवतात आणि हात घोड्याच्या पुठ्ठ्यावर टेकवायला लावतात, म्हणजे खांद्यांवर वजन येतं. स्पीच थेरपिस्ट असेल तर मुलाने 'चल' म्हणायचा किंवा निदान आवाज काढायचा प्रयत्न केल्याशिवाय घोडा पुढे जात नाही. प्रत्येक बदलामागे त्या मुलाच्या तपासणीतून ठरलेलं कारण असतं. पोहायला शिकवणारा मास्तर आणि पाण्यात व्यायाम करून घेणारा फिजिओ यांच्यात जेवढं अंतर, तेवढं इथे आहे.

म्हणून दोन्ही वाटांचं शिक्षणही वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होतं. अमेरिकेत थेरप्युटिक रायडिंगच्या प्रशिक्षकांना पाथ इंटरनॅशनल प्रमाणपत्र देते. ही संस्था 1969 मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि 2011 मध्ये तिने हे नाव घेतलं. तिथे नुसती लेखी परीक्षा चालत नाही. उमेदवाराला स्वतः स्वारी करून दाखवावी लागते आणि अपंग रायडरचा तासही घेऊन दाखवावा लागतो. प्रमाणपत्र टिकवायला पुढेही शिकत राहावं लागतं. हिप्पोथेरपीचं प्रशिक्षण मात्र अमेरिकन हिप्पोथेरपी असोसिएशन ही 1992 मधली वेगळी संस्था देते. तिच्या मते हिप्पोथेरपी हा स्वतंत्र व्यवसायच नाही, परवानाधारक थेरपिस्टच्या हातातलं ते एक साधन आहे. आधी थेरपिस्टची पदवी आणि परवाना, मग घोड्याचं शिक्षण. उलट रस्ता नाही. जर्मनीतही हिप्पोथेरपीचं प्रशिक्षण फिजिओंसाठी असतं आणि अपंगांच्या घोडेस्वारीचं प्रशिक्षण त्यापासून वेगळं ठेवलेलं आहे.

ब्रिटनमधला फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे 'फिजिओथेरपिस्ट' ही बिरुदावली कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना ती लावणं गुन्हा ठरतो. 'रायडिंग इन्स्ट्रक्टर' मात्र कोणीही म्हणवून घेऊ शकतो. म्हणूनच ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षांना किंवा अपंगांसाठीच्या रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशनच्या कोच प्रशिक्षणाला एवढं मोल आहे. पण त्यातली सर्वांत वरची पायरी गाठली तरी माणूस थेरपिस्ट होत नाही.

आपल्याकडे अनेक रायडिंग स्कूलमध्ये शिकवणारे लष्करातून निवृत्त झालेले असतात. घोडा त्यांना जितका कळतो तितका क्वचितच कोणाला कळतो आणि ती विद्या अनमोल आहे. उपचाराचा दावा मात्र त्या विद्येच्या जोरावर करता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पदवीधर फिजिओला घोड्याचे मागे पडलेले कान दिसले नाहीत, पाठ दुखतेय म्हणून तो अंग चोरतोय हे कळलं नाही, तर मूल धोक्यात येतं. घोडा जरासा लंगडत असेल तर त्याची वाकडी लय थेट मुलाच्या कंबरेत जाते. त्यामुळे चांगल्या हिप्पोथेरपीत घोड्याचा जाणकार थेरपिस्टच्या शेजारी असतोच.

पालकांनी काय पाहावं? फलकावर हिप्पोथेरपी लिहिलेलं असेल तर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे, तर स्पीच थेरपिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. थेरप्युटिक रायडिंग असेल तर प्रशिक्षकाने अपंग रायडर्सबरोबर काम करण्याचं शिक्षण कुठे घेतलं, हे विचारा. दोन्हीकडे डॉक्टरांची लेखी परवानगी मागितली जाते का, हे तर पाहाच. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा निसटलेला असू शकतो. आकडी आटोक्यात नसेल तर घोड्यावर बसवणंच चूक. आलेल्या प्रत्येक मुलाला लगेच घोड्यावर चढवणाऱ्या ठिकाणी मी माझं मूल पाठवणार नाही.

थेरप्युटिक रायडिंग म्हणजे हिप्पोथेरपीची स्वस्त आवृत्ती, असं अनेकांना वाटतं आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. डेन्मार्कची लिस हार्टेल उत्तम स्वार होती. 1944 मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे ड्रेसाज (ठरलेल्या चाली आणि वळणं घोड्याकडून अचूक करून घेण्याची स्पर्धा) स्त्रियांना पहिल्यांदा खुलं झालं त्या वर्षी, तिने त्यात रौप्यपदक मिळवलं आणि 1956 मध्ये पुन्हा. तिची गोष्ट हिप्पोथेरपीची जाहिरात म्हणून सर्रास सांगतात, पण खरं तर ती स्वारीची गोष्ट आहे. 1996 च्या अटलांटापासून पॅरालिम्पिकमध्येही ड्रेसाज आहे. तिथवर जाणाऱ्या स्वाराला घडवायला चांगला प्रशिक्षकच लागतो.

म्हणून या क्षेत्रात पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रशिक्षकाने 'थेरपी' शब्दामागे धावू नये. अपंगत्वाचे प्रकार समजून घ्यावेत, मुलाला रॅम्पवरून सुरक्षित चढवणं-उतरवणं, बाजूने चालणाऱ्या स्वयंसेवकांना तयार करणं, घोड्याची पारख आणि प्रथमोपचार शिकावेत. आणि एखाद्या फिजिओबरोबर नियमित काम करून कोणत्या मुलाला नाही म्हणायचं, हेही त्यांच्याकडून समजून घ्यावं.