पाण्याचा ताळेबंद

गावाच्या शिवारात एका वर्षात हाती येणारे पाणी आणि पिण्यासाठी, जनावरांसाठी व शेतीसाठी लागणारे पाणी यांचा मेळ घालणारा हिशेब. महाराष्ट्रात हिवरे बाजारने (ता. नगर) ही पद्धत ग्रामसभेत रुजवली. आंध्र प्रदेशच्या दुष्काळी जिल्ह्यांत शेतकरी गटांनी विहिरी मोजून असाच पीकनिहाय हिशेब केला. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत गावाच्या जलसुरक्षा आराखड्याचा तो भाग करण्यात आला.

हिशेबाचे एकक टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर किंवा १० लाख लिटर. एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. म्हणून १,००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिमी पाऊस झाला, तर ५,००० टीसीएम पाणी पडले. हा आकडा ग्रामसभेला सुखावतो, पण त्यातला मोठा वाटा बाष्पीभवनात, खरिपाच्या पिकांत आणि नाल्यांतून वाहून जातो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये (काळ्या लाव्हा खडकात) मुरणारे पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आगेमागेच असते. म्हणून पावसावरून काढलेल्या जमेपेक्षा विहिरींवरून काढलेली जमा अधिक विश्वासाची.

त्यासाठी शिवारभर विखुरलेल्या निरीक्षण विहिरी निवडतात. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपातळी टेपने मोजतात. मोजणी पहाटे, पंप रात्रभर बंद ठेवून करायची आणि कठड्याची उंची वजा करायची. पंप चालू असलेल्या विहिरीची नोंद निरुपयोगी. पातळीतली सरासरी वाढ, क्षेत्रफळ आणि खडकाची विशिष्ट जलदेयता (खडकाच्या आकारमानापैकी निथळून हाती येणाऱ्या पाण्याचा वाटा) यांचा गुणाकार म्हणजे भूजलातली वाढ. मुरमाड, झिजलेल्या बेसाल्टची जलदेयता २ टक्के धरली आणि पातळी ३ मीटर वाढली, तर १,००० हेक्टरांत ६०० टीसीएम साठा येतो. जलदेयता चुकून ४ टक्के धरली की साठा कागदावर दुप्पट होतो.

खर्चाची बाजू सोपी. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ४० टीसीएम लागते. हजार मोठ्या जनावरांना रोजी ५० लिटर धरल्यास सुमारे १८. हे पाणी आधी बाजूला काढायचे. उरलेल्या ५४० टीसीएममधून पुढे ओढ्यांतून झिरपून जाणारे भूजल वजा करावे लागते. शेतीचा वाटा त्यानंतरचा. हेक्टरी हरभऱ्याला सुमारे २ ते २.५ टीसीएम, गव्हाला ४, उसाला पाटपाण्यावर २० ते २५. ठिबकने उसाची गरज घटते, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचा तुकडा भिजवला तर गावाची बचत शून्यच.

चुका ठरलेल्या असतात. पाऊस महसूल मंडळाच्या दूरच्या पर्जन्यमापकाचा घेतात. बंधाऱ्यातले पाणी जमेत धरतात आणि त्याच्यापासून विहिरीत उतरलेले पाणी पुन्हा मोजतात. पेरा सातबाऱ्यावरून घेतात, प्रत्यक्ष उभ्या पिकाशी ताडून पाहत नाहीत. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे विहिरीतून भरले जाते. ते नवे पाणी नव्हे, उलट उघड्यावरच्या बाष्पीभवनाने तूट वाढते. शिवाय गावाची हद्द आणि पाणलोटाची हद्द क्वचितच जुळते. वरच्या गावाने उपसा वाढवला तर खालच्याचा ताळेबंद चुकतो.

मांडणीची वेळ ऑक्टोबर, रब्बीचे बियाणे घेण्याआधी. पेरणी झाल्यावर मांडलेला ताळेबंद अहवालापुरता उरतो. तूट दिसली की ग्रामसभेला गव्हाऐवजी ज्वारी-हरभरा ठरवावा लागतो किंवा उन्हाळी पिके बंद करावी लागतात. आकडेमोड तासाभरात होते. अवघड असते ती तूट कोणी सोसायची याची वाटणी. हिवरे बाजारने शेतीसाठीच्या बोअरवर आणि ऊस-केळीवर आधीपासून बंदी ठेवली, त्यामुळे तिथे दरवर्षीची वाटणी हलकी झाली. जिथे असे नियम नाहीत, तिथे खोल बोअर घेण्याची ऐपत असलेला शेतकरी ठरावाबाहेर राहतो आणि उथळ विहिरीवाल्याचे पाणी आधी आटते.