दगड जागचा हलवू नका
(जुनापाणी-माहुरझरीची पायी भ्रमंती आणि तंबूतल्या मुक्कामाला येणाऱ्यांसाठी)

नोंदणी झाली की तासाभरात फोन येतो, "तंबू त्या दगडांच्या गोलातच लावाल ना? फोटो मस्त येतील." गेल्या हंगामात हा प्रश्न इतक्यांदा आला की शेवटी हे पत्रक छापायला घेतलं. गोलात तंबू लावत नाही, यापुढेही लावणार नाही. आपला मुक्काम तिथून बऱ्याच अंतरावर, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या पडीक जमिनीवर असतो. जुनापाणीची जागा, म्हणजे नागपूरजवळचे हे प्राचीन दगडांचे गोल, केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत आणि तिथे रात्री राहायला परवानगी नाही. पण उद्या परवानगी मिळाली तरी आम्ही तिथे खुंटी ठोकणार नाही. कारण खाली वाचा.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहर संपतासंपता जुनापाणी येतं. या परिसरात सुमारे 300 शिलावर्तुळं, म्हणजे दगडांचे गोल, नोंदवलेली आहेत. लांबून पाहिलं तर माळावर काळे गोटे विखुरलेले दिसतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "हेच का?" थोडं थांबा. चार पावलं मागे सरकून पाहिलं की गोल दिसायला लागतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. ही दफनं आहेत. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड नुकतं हाती आलेल्या लोकांनी आपल्या माणसांसाठी काळ्या पाषाणाचे हे गोटे ओढत आणून मांडले. आत दगडगोट्यांची आणि मातीची भर घातली. काही ठिकाणी ही भर बाहेरून आणलेल्या काळ्या चिकणमातीची आहे. म्हणजे गोलातला मधला उंचवटा, ज्यावर उभं राहून फोटो काढावासा वाटतो, तोच मुळात त्यांनी रचलेला भाग.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खणून 1879 मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याला मिळालेल्या लोखंडी वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे उत्खनन केलं. जवळच्या माहुरझरी गावी 1970 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. माणसाबरोबर त्याचा घोडाही पुरला होता, तोही सजवून. ही गोष्ट सांगताना मी दर वेळी थांबतो, कारण ऐकणारेही थांबतात. माहुरझरी हे मण्यांचंही गाव. लाल अकीकाचे मणी इथे घडवले जात. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. तीही सहल आम्ही काढतो, पण तिला पूर्ण दिवस लागतो. जुनापाणीच्या जोडीला ती बसवता येत नाही, कृपया आग्रह धरू नये.

आता ज्यासाठी हे पत्रक आहे ते.

गेल्या जानेवारीत वीस जणांचा एक गट आला होता. उत्साही, शिस्तीचे लोक. रात्री शेकोटीभोवती गप्पा रंगल्या असताना एकाने खिशातून खापराचा तुकडा काढून दाखवला. आतून काळा, बाहेरून तांबडा, गुळगुळीत. महापाषाणयुगीन लोकांच्या, म्हणजे हे गोल रचणाऱ्यांच्या, काळ्या-तांबड्या भांड्यांचा तो अस्सल तुकडा होता. "घरच्यांना दाखवायला घेतला," म्हणाला. मनात वाईट काही नव्हतं. पण कुठून उचलला विचारलं तर उत्तर आलं, "त्या एका गोलाजवळून." गोल 300! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाइलमधले फोटो एकेक करून ताडत, कोणत्या गोट्याजवळ सावली कशी पडली आहे ते बघत आम्ही जागा शोधली आणि तुकडा ठेवून आलो. यात दोन तास गेले. तोवर ऊन चढलं, माहुरझरी राहून गेलं, आणि बाकीच्या एकोणीस जणांनी ज्यासाठी पैसे भरले होते ते अर्धंच झालं.

एवढ्याशा खापरासाठी एवढा आटापिटा कशाला, असं तेव्हाही काहींनी विचारलं. कारण सरळ आहे. कित्येक गोलांचे दगड नांगराच्या आड येतात म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लोटले गेले, काही रस्त्याच्या आणि घराच्या पायात गेले. जिथे दगड उरले नाहीत तिथे जमिनीवरचं खापर हीच खूण उरते. अभ्यासक खापरं कुठे दाट आहेत, कुठे विरळ आहेत हे पाहूनच खाली काय असेल याचा अंदाज बांधतात. तुकडा जागेवर असेल तर तो काहीतरी सांगतो. तुमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात गेला की तो नुसता मडक्याचा तुकडा. कायद्याचंही सांगून ठेवतो. संरक्षित स्मारकाची हानी केली तर 1958 च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला लोकांनी कायद्याच्या भीतीने हात आवरावा असं वाटत नाही. ते कुणाचं तरी थडगं आहे, एवढं कारण पुरेसं असावं.

खापर दिसलं तर जरूर वाका, फोटो काढा, आम्हाला हाक मारा. आम्ही येऊन ते काय आहे ते सांगू. फक्त उचलू नका. लहान मुलांना हे आदल्या दिवशी घरीच सांगून आणा. माझा अनुभव असा की मुलं ऐकतात, आणि नंतर मोठ्यांवर लक्षही ठेवतात.

गोलाच्या गोट्यांवर बसू नका, हेही त्यातच आलं. काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीने. त्यांचा अर्थ काय यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. भर दुपारी हे खळगे दिसतच नाहीत. ऊन तिरपं झालं की प्रत्येक खळग्यात सावली साठते आणि ओळ उमटून येते. म्हणूनच आम्ही दुपारी चारला तिथे पोचतो आणि सूर्य टेकेपर्यंत थांबतो. "सकाळी अकराला येतो, जेवून निघतो" असं म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो ते याचसाठी. तुम्ही इतक्या लांब याल आणि मुख्य गोष्ट न पाहता जाल, ते आम्हाला पटत नाही.

मुक्कामाच्या जागीही दगडाचा नियम तोच. तिथली जमीन मुरमाड आहे. बाजारातल्या तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या तिच्यात वाकतात, मग हात आपोआप दगडाकडे जातो. चूल मांडायची म्हटली की तीन दगड शोधायचे, ही तर आपली जुनी सवय. पण धुऱ्यावरचा मोठा गोटा कोणत्या गोलातून तिथे आला असेल ते सांगता येत नाही, आणि थंडीत दगडाखाली विंचू असतो. या दोन्हीवर उपाय आम्ही करून ठेवला आहे. जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडा आम्ही देतो, दोर ताणायला मातीने भरलेली पोती देतो, स्वयंपाकाला लोखंडी शेगडी असते. स्वतःचा तंबू आणलात तरी चालेल, खुंट्या मात्र आमच्या वापरा. आमचे तंबू दोन माणसांचे आहेत. तीन जण मावतात, पण झोप लागत नाही.

सकाळी आणखी एक तक्रार येते, "तंबू गळत होता." डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना तंबू गळेल कसा? रात्री थंडी पडते, लोक सगळ्या चेनी लावून झोपतात, आणि आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागून पाणी होते. वरची जाळी आणि दाराची वरची वीतभर चेन उघडी ठेवा. थंडी वाजेल असं वाटतं, पण ओल्या पांघरुणापेक्षा कोरडी थंडी बरी. पांघरुणापेक्षाही खालची चटई महत्त्वाची, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते. चटई आम्ही जाड देतो.

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळातच खरी मजा आहे. आम्ही मुद्दाम स्पीकर लावू देत नाही. गाणी म्हणायची तर तोंडाने म्हणा, आम्हीही सूर मिळवू. जेवणं होईपर्यंत मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं, त्याच्या मागोमाग व्याध. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी मोजून पाहा, कुणाला सहा दिसतात, कुणाला सात. यासाठी आमच्या मुक्कामाच्या तारखा अमावस्येच्या आगेमागे असतात, आणि त्या आधी भरतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंतच. मार्चनंतर कुणी दुप्पट पैसे देतो म्हणाला तरी नेत नाही, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. घोट्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण पँट घाला. हाफ पँटवर येणाऱ्यांचा निम्मा वेळ पायातली कुसळं काढण्यात जातो. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर स्वतःजवळ असावं, टॉर्च प्रत्येकाकडे वेगळी असावी. रात्री लघवीला जाताना एकट्याने जाऊ नका, टॉर्च पायांसमोर धरा.

गट चौदा जणांपेक्षा मोठा घेत नाही. गेल्या वर्षी वीस घेतले होते, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. नोंदणी करताना मुलांची वयं, कुणाला गुडघ्याचा त्रास आहे का आणि स्वतःचा तंबू आणणार का, एवढं कळवा. बाकीची जमवाजमव आमच्याकडे.