रोटेटर बुडाशी बसवला तर गिअर जातात?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) टॉवरच्या डोक्यावरच हवा, बुडाशी बसवला तर वर अँटेनापर्यंत जाणाऱ्या अख्ख्या पाइपाचं ओझं येऊन त्याचे गिअर जातात. पाइप थेट रोटेटरवर उभा केला तर जाऊही शकतात! पण तसं करायला सांगतं कोण? वजन थ्रस्ट बेअरिंगनं (उभा भार घेणाऱ्या बेअरिंगनं) पेलायचं, रोटेटरनं फक्त फिरवायचं. वारा अँटेनाला जो पीळ देतो, तो रोटेटर वर असो की खाली, जवळपास तेवढाच.

खरी अडचण वेगळीच. लांब पाइप स्वतःच पिळतो. खाली दिशा दाखवणारा काटा 90 अंशावर असला तरी वावधानात वर अँटेना इकडेतिकडे होते. त्यावर उपाय मोठ्या व्यासाचा पाइप. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, की पीळ साधारण आठपट कमी. थोडा पीळ मात्र राहू द्या, तो वाऱ्याचे झटके पोटात घेतो.

वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या मातीत मला जास्त काळजी पायाची वाटते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रोटेटरचा चौथरा टॉवरच्या पायापासून वेगळा ओतला, तर एक उचलतो, दुसरा खचतो, पाइप बेअरिंगला घासतो, आणि बोल लागतो रोटेटरला. दोन्ही एकाच काँक्रीटवर घ्या.

फायदा सांगायलाच नको: मे महिन्यात 45 अंश सेल्सिअसच्या उन्हात मोटर खोलायला वर चढावं लागत नाही. फक्त तारांनी ताण दिलेला अख्खा खांबच फिरणार असेल, तर तार खांबाला थेट बांधू नका. फिरती बेअरिंग-रिंग लावा.