पाउल मेर्कर यांच्यावरील खटल्याची पार्श्वभूमी

पूर्व जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५५ मध्ये पाउल मेर्कर यांना बंद दाराआड आठ वर्षांची सक्तमजुरी सुनावली. ज्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने त्यांना तुरुंगात धाडले, त्याच्याच पॉलिटब्युरोत, म्हणजे सर्वोच्च नेतृत्वमंडळात, ते १९५० पर्यंत बसत होते. या खटल्याचे मूळ शोधायचे तर १९४२ च्या मेक्सिकोपर्यंत मागे जावे लागते.

ड्रेस्डेनजवळ १८९४ मध्ये जन्मलेले मेर्कर पेशाने वेटर. हॉटेल कामगारांच्या संघटनेतून ते पुढे आले, १९२० मध्ये कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि पुढे जर्मनीतील प्रशिया राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. प्रस्थापित संघटनांना पर्याय म्हणून पक्षाने उभारलेल्या ‘क्रांतिकारी कामगार संघटना विरोधी गटा’चे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. कम्युनिस्टांचे डावे प्रतिस्पर्धी असलेल्या सोशल डेमोक्रॅट नेत्यांइतकेच त्यांच्या साध्या पदाधिकाऱ्यांनाही शत्रू मानणारी त्यांची भूमिका पक्षालाही अतिरेकी वाटली आणि १९३० मध्ये त्यांना नेतृत्वातून दूर करण्यात आले. म्हणजे पुढे ज्यांना फितूर ठरवले गेले, ते मेर्कर मवाळ कधीच नव्हते.

नाझी राजवटीत आधी भूमिगत काम, मग फ्रान्समधील नजरकैदेच्या छावण्या आणि तेथून निसटून मेक्सिको, असा त्यांचा प्रवास झाला. तेथील ‘फ्रायेस डॉइचलांड’ या जर्मन निर्वासितांच्या मासिकात त्यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये लिहिले की ज्यूंच्या छळाची जबाबदारी जर्मनांनी स्वीकारली पाहिजे आणि लुटलेल्या मालमत्तेची भरपाई केली पाहिजे. ज्यूंच्या स्वतंत्र राज्याच्या मागणीबद्दलही त्यांनी सहानुभूती दाखवली. मेर्कर स्वतः ज्यू नव्हते. ज्यूविरोध हा वर्गसंघर्षाचा केवळ एक उपप्रश्न समजणाऱ्या पक्षात इतक्या वरच्या माणसाने असे लिहावे, ही माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

मेर्कर १९४६ मध्ये मायदेशी परतले. पुढे अमेरिकेचे हेर ठरवण्यात आलेले अमेरिकी मदतकार्यकर्ते नोएल फील्ड यांच्याशी फ्रान्समध्ये आलेल्या संबंधांवरून ऑगस्ट १९५० मध्ये त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि लुकेनवाल्डे येथे सरकारी उपाहारगृह सांभाळायला त्यांना पाठवण्यात आले. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस स्लान्स्की आणि इतरांवर झायोनिस्ट (ज्यूंच्या स्वतंत्र राज्याच्या समर्थकांच्या) कटाच्या आरोपाखाली खटला झाला. चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू होते आणि अकरा जणांना फाशी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मेर्कर यांना अटक झाली. डिसेंबरमध्ये पक्षाने काढलेल्या निवेदनात भरपाईची त्यांची जुनी मागणी म्हणजे जर्मन जनतेची संपत्ती परक्यांच्या घशात घालण्याचा कट ठरवण्यात आली.

जानेवारी १९५६ मध्ये त्यांची सुटका झाली आणि जुलैमध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, परंतु पक्षातील पूर्वीचे स्थान त्यांना परत मिळाले नाही. एका प्रकाशनसंस्थेत काम करत त्यांनी उरलेली वर्षे काढली आणि १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. सुटकेनंतर पक्षाला दिलेल्या लेखी निवेदनात त्यांनी म्हटले होते की आपण ज्यूही नाही आणि झायोनिस्टही नाही, मात्र यांपैकी काहीही असणे हा गुन्हा नव्हे.