मॉल्डिनिया

मॉल्डिनिया : क्रिटेशस काळातील (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा कालखंड) एक विलुप्त वनस्पती प्रजाती (जातींचा गट). दालचिनी, तमालपत्र व कापूर यांच्या लॉरेसी कुलात, किंवा त्याच्या अगदी निकट, तिचा समावेश करतात. मॉल्डिनिया मिराबिलिस या जातीचे वर्णन ड्रिनन, क्रेन, फ्रीस व पेडरसेन यांनी १९९० मध्ये केले. तिचे जीवाश्म अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील मॉल्डिन माउंटन येथे, पोटोमॅक गट या खडकथरांच्या समूहाच्या वरच्या थरांत मिळाले. हे थर नद्यांनी साठविलेले असून त्यांचे वय मुख्यतः त्यांतील परागकणांवरून ठरविले जाते. त्यानुसार ते सेनोमेनियन कालखंडाच्या (क्रिटेशसचा एक उपविभाग) आरंभीचे, म्हणजे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे, असावेत.

लॉरेसी कुलातील परागकणांचे बाह्यकवच अतिशय पातळ असल्याने ते खडकांत क्वचितच टिकतात. त्यामुळे या कुलाचा प्राचीन इतिहास उलगडण्यासाठी फुलांच्या जीवाश्मांचे मोल फार मोठे आहे. मॉल्डिनियाची काही मिलिमीटर आकाराची फुले बव्हंशी वणव्यात कोळसा होऊन टिकली. गाळ पाण्यात चाळून, चिकटलेली खनिजे आम्लाने काढून ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासली जातात, आणि पेशींची ठेवणही त्यांत दिसते.

फूल द्विलिंगी व त्रिभागी असून परिदले (फुलाची बाहेरची पाने) तीन-तीनच्या दोन मंडलांत असतात. बाहेरची लहान, आतली मोठी. जननक्षम केसरदले (पुंकेसर) नऊ असून सर्वांत आतल्या तिघांच्या तळाशी उपांगांच्या जोड्या असतात, त्यांच्याही आत तीन वंध्य केसरदले. परागकोश द्विपुटी (दोन कप्प्यांचे) असून प्रत्येक पुट वर उचलल्या जाणाऱ्या झडपेने उघडते. किंजदल (फुलाचा स्त्री-भाग) एकच व त्यात लोंबते एक बीजक (ज्याचे पुढे बी होते) असते. ही सर्व लक्षणे आजच्या लॉरेसीत आढळतात.

फुलोऱ्याची रचना मात्र आजच्या लॉरेसीत कुठेही दिसत नाही. लांबट अक्षावर मळसूत्री क्रमाने चपटे, द्विखंडी, खवल्यासारखे भाग येतात आणि त्यांच्या वरच्या पृष्ठावर सामान्यतः पाच बिनदेठाची फुले बसलेली असतात. या भागांना आखूड होऊन चपटे झालेले उपफुलोरे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वर्गीकरणाचा मतभेदही येथूनच उद्भवतो : मूळ वर्णनकर्त्यांनी प्रजाती लॉरेसीत ठेवली, तर नंतरच्या काही शाखावर्गीकरणीय (सामाईक लक्षणांवरून वंशसंबंध ठरविणाऱ्या) विश्लेषणांत ती लॉरेसी व हर्नांडिएसी या दोन कुलांच्या सामाईक पूर्वशाखेजवळ येते. फुलाचे साम्य व फुलोऱ्याचे वेगळेपण ही दोन्ही एकत्र विचारात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरावे. द्विपुटी परागकोश मात्र या वादात निर्णायक धरता येत नाहीत, कारण आजच्या लॉरेसीत द्विपुटी व चतुष्पुटी (चार कप्प्यांचे) असे दोन्ही प्रकार आहेत. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील, क्रिटेशसच्या उत्तरार्धातील नेउसेनिया या प्रजातीचे परागकोश चतुष्पुटी आहेत, तर व्हर्जिनियातील पोटोमॅकँथस ही मॉल्डिनियाहून जुनी प्रजाती द्विपुटी आहे.

मॉल्डिनियाच्या इतर जाती चेकिया, जर्मनी व कझाकस्तान येथून वर्णिलेल्या आहेत. मॉल्डिन माउंटन येथील पॅराफिलँथॉक्सिलॉन या नावाचे कोळसारूप लाकूड फुलोऱ्याच्या अक्षाशी अंतर्रचनेत जुळत असल्याने ते याच वनस्पतीचे मानले जाते.