शिकार सोलताना ग्लोव्हज: ही सवय हरणामुळे नाही, सशामुळे लागली

अमेरिकेत हरणाचा सीझन आला की शिकाऱ्यांच्या बॅगेत सुरीसोबत नायट्राइल (एक कृत्रिम रबर) ग्लोव्हजचा एक जोड असतोच. जनावर पडलं की तिथेच जंगलात पोट फाडून कोथळा बाहेर काढायचा, नाहीतर आतल्या उष्णतेने मांस खराब होतं, आणि हे काम पिढ्यानपिढ्या लोक उघड्या हातांनी, कोपरापर्यंत रक्तात बरबटून करत आले. मग ग्लोव्हज आले कुठून? बहुतेकांना वाटतं एड्सनंतर, पण खरी गोष्ट त्याच्याही साठेक वर्षं आधीची आहे.

1911 मध्ये जॉर्ज मॅकॉय कॅलिफोर्नियातल्या टुलेरी काउंटीत जमिनीत बिळं करणाऱ्या खारींमधला प्लेग शोधत होते, तिथे त्यांना प्लेगसारखाच दिसणारा पण प्लेग नसलेला रोग सापडला. पुढच्याच वर्षी त्याचा जंतू वेगळा केला गेला. तरी तेव्हा तो खारींचा रोग म्हणूनच राहिला, माणसांशी त्याचा संबंध नीट जोडला तो सरकारी आरोग्य खात्यातल्या एडवर्ड फ्रान्सिस यांनी. 1919 पासून ते युटामध्ये माशी चावून येणाऱ्या एका तापाच्या मागे लागले होते आणि तो ताप याच जंतूचा निघाला. त्यांनीच 1921 मध्ये रोगाला ट्युलरेमिया हे नाव दिलं. हे करताना ते स्वतः आजारी पडले, लॅबमधलेही पडले, आज जंतूच्या नावात फ्रान्सिसेला आहे ते यांच्यावरूनच.

मग लक्षात आलं की वॉशिंग्टनच्या बाजारात ससे सोलणाऱ्यांना, घरी ससा साफ करणाऱ्या बायकांना, शिकाऱ्यांना, सगळ्यांना होणारं दुखणं सारखंच आहे. बोटावर फोड, मग व्रण, बगलेत अवधाण, आणि आठवडेच्या आठवडे ताप. मोठी जखम लागतच नाही, साधा ओरखडा पुरतो, कारण दहा-पन्नास जंतूही आजारी पाडायला पुरेसे असतात. मांस नीट शिजवलं की जंतू मरतो, म्हणजे धोका ताटात कमी आणि सोलण्यात जास्त! म्हणून सल्ला निघाला की रानससा सोलताना रबरी हातमोजे घाला.

जपानमध्ये हाचिरो ओहारा नावाचे डॉक्टर फुकुशिमात हाच रोग बघत होते, त्यांनी 1925 मध्ये आजारी सशाचं रक्त चक्क बायकोच्या हाताला चोळलं (ती स्वतःहून तयार झाली म्हणे, पण तरीही!) आणि ती आजारी पडली. 1926 मध्ये जपानमधला आणि अमेरिकेतला रोग एकच असल्याचं सिद्ध झालं.

1930 च्या दशकातल्या मंदीच्या काळात ससा म्हणजे फुकटचं मटण, त्यामुळे केसेस वाढतच गेल्या आणि 1939 मध्ये अमेरिकेत 2291 नोंदल्या गेल्या, हा आजवरचा उच्चांक. नंतर आकडा घसरला, अँटिबायोटिक्स आली, भीती ओसरली आणि मोजेही मागे पडले. तसंही रबरी मोजे जाड, जंगलात कोण घालणार.

रबरी मोजे तेव्हा नवीन नव्हते. 1889-90 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये सर्जन हॉल्स्टेड यांनी ते करून घेतले ते रोग्यासाठी नाही, तर कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटत होते म्हणून (पुढे लग्नही केलं तिच्याशी). पण पातळ, स्वस्त, वापरून फेकायचे मोजे सगळीकडे झाले ते एड्सनंतर, 1980 च्या दशकात. मग लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी वाढली, नायट्राइल आलं आणि तेच शिकाऱ्यांच्या खिशात गेलं.

हरणाची बाजू आली ती यानंतर. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या पाळीव हरणांमध्ये झिजत झिजत मरण्याचा एक रोग दिसला होता, 1978 मध्ये तो मेंदूला भोकं पाडणाऱ्या, गाईंच्या मॅडकाऊ रोगाच्या जातीतला असल्याचं कळलं. 1996 मध्ये ब्रिटनमध्ये मॅडकाऊ माणसांपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या जंगली हरणांत हा हरणांचा रोग सापडला, तेव्हा मात्र लोक टरकले. या रोगाची माणसाला लागण झाल्याचं अजून सिद्ध नाही, पण हा शिजवूनही जात नाही, त्यामुळे वन्यजीव खात्यांच्या सूचनांमध्ये ग्लोव्हज घाला, मेंदू आणि मणक्याला सुरी लावू नका हे कायमचं बसलं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आता शिकार बंदच, त्यामुळे हा विषय तिकडे राहून लायसन्स काढणाऱ्या मराठी मंडळींपुरताच. त्यांनी एवढं बघावं की नायट्राइल रक्त अडवतं, सुरी अडवत नाही, आणि ओल्या ग्लोव्हमध्ये मूठ सटकते, म्हणून बरेच जण सुरी नसलेल्या हातात, ग्लोव्हच्या आतून, कापाला दाद न देणारा मोजा घालतात.